पाचवं बटण

सोमवार, ४ फेब्रुवारी

धाकटीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते: आशीर्वाद. तेरा वर्षांत एक ओळ नाही आणि आज अचानक ताईला कुठून आठवण झाली, असं तुला वाटेल. वाटू दे. त्याचं कारण तुला ठाऊक आहे असा माझा संशय आहे, आणि नसेल तर पुढे वाचून होईलच.

तुझा पत्ता पियानो जुळवणाऱ्याकडून घेतला. देताना त्याने मला तीनदा विचारलं, 'नक्की हवा ना?' पत्ता मागणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न झाला? तुमचं दोघांचं पत्र चालू असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळी दुनिया जोडलेली, आणि अंधारात मी एकटी.

मुद्द्यावर येते. माझ्या मागच्या खोलीत तू कुणाला पाठवलं आहेस?

वर्ग अजून तिथेच आहे, घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत माझा मोठा पियानो, मागच्या खोलीत तुझा छोटा. मनगट मोडल्यापासून दोन्ही खोल्या एकटीने रेटणं होईना, म्हणून ऑक्टोबरपासून हाताखाली एक मुलगी घेतली. बावीसेक वर्षांची असेल. मुलं तिला नव्या बाई म्हणतात, मी नुसतं नवी म्हणते. वाजवते स्वच्छ, वेळेवर येते, बोलते कमी. अशी माणसं मला पहिल्यापासून खटकतात. जो कमी बोलतो त्याच्या पोटात जास्त असतं.

गेल्या मंगळवारी मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. स्केल चालू असताना. तुला ठाऊक आहे, या वर्गात स्केल वाजवताना मुलं रडली आहेत, त्यांनी जांभया दिल्या आहेत, एकदा तर एकाला डुलकी लागून त्याचं कपाळ पट्ट्यांवर आपटलं होतं. पण हसलेलं कुणी नाही. मी दार उघडून आत गेले तर सगळे चिडीचूप. नवी उभी, हात मागे बांधलेले. चष्मेवाली म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी येते, ती पियानोपुढे बसलेली, ओठ दाबून. 'काय चाललंय?' म्हटलं. 'सराव, बाई,' नवी म्हणाली. सरावाला कुणी ओठ दाबत नाही.

वर्ग सुटल्यावर मी खोली झाडली. झाडायला बाई येते, तरी मी झाडली. पेडलच्या मागे एक बटण सापडलं. निळं, प्लास्टिकचं, दुकानातून नवं आणलेलं. तुझ्या डब्यातलं ते नव्हे हे मी बघताक्षणी ओळखलं. तुझ्या डब्यात दोन पांढरी होती, एक काळं, एक हिरवं आणि बाबांच्या कोटाचं पितळी, ज्याची मागची कडी वाकडी आहे. पण बटण कुठलंही असलं तरी पियानोवर बटणं मांडायची ही खोड जगात एकाच बाईची आहे. पियानोच्या कडेला डावीकडे पाच बटणं मांडायची, ओळ एकदा बिनचूक वाजली की एक बटण उजवीकडे न्यायचं, पाचही पलीकडे गेली की जिंकलं. पाच वेळा बिनचूक वाजव, एवढं साधं वाक्य मुलांना सांगायला तुला बटणं लागायची.

आता सरळ विचारते. तू या गावात परत आली आहेस का? जवळपास कुठे वर्ग काढायचा बेत आहे का? आणि त्याआधी माझी मुलं फोडायला तू ही मुलगी पेरली आहेस का? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी दारात उभी राहून भांडेन, पण पाठीमागून झालेलं मला चालत नाही.

एक सांगून ठेवते. दुपारी दोन ते तीन मी पुढच्या खोलीचं दार आतून लावून पडते. चार वर्षांची सवय आहे. तेव्हा त्या वेळात कुणाला काही उद्योग करायला पाठवू नकोस, मला झोप लागत नाही.

मोठ्या बाई

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

धाकटीस,

अकरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं आई म्हणायची. अर्थात ती हे नेहमी तुझ्याकडे बघून म्हणायची, आणि फोडलेली कपबशी बरेचदा माझी असायची. ते जाऊ दे.

मी स्वस्थ बसलेली नाही. गेला आठवडाभर रोज मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकते आहे. कान लावून नव्हे. दार पातळ आहे. ताल देणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक चालू असते तोवर सगळं सरळ वाटतं. मग टिकटिक थांबते आणि नवी म्हणते, 'आता मांजर झोपलंय.' लगेच तेच स्केल इतक्या हळू वाजतं की मला दाराला खरोखरच कान लावावा लागतो. मग म्हणते, 'आता दोन्ही हातांचं भांडण,' आणि डावा हात गरजतो, उजवा कुजबुजतो, मग उलटं. शेवटी बटणं. मांजर तुझं, भांडण तुझं, बटणं तुझी. आता यावर काय म्हणणं आहे तुझं?

बुधवारी नवीची पिशवी खुंटीवरून पडली. म्हणजे मी शेजारची छत्री काढताना पडली. छत्री कशाला काढली ते विचारू नकोस, आकाश निरभ्र होतं. पिशवीतून कार्डं बाहेर आली. पुठ्ठ्याची, हाताने कापलेली, सात; एकेका खेळाचं एकेक, तुझ्या डब्यात होती तशी. मी ती गोळा करून नीट परत ठेवली, पण डोळे मिटून कुणी गोळा करत नाही. अक्षर तुझं नाही. चित्रंही तुझी नाहीत, पण तुझ्या चित्रांवरून काढलेली आहेत. मांजर जिन्याच्या वरच्या पायरीवर झोपलेलं, तेच. फक्त तुझ्या मांजराला डावीकडे तीन मिशा आणि उजवीकडे दोनच होत्या, हिने दोन्हीकडे सारख्या काढल्या आहेत. म्हणजे हिने मूळ कार्ड समोर ठेवून नक्कल केलेली नाही, कुणाच्या तरी सांगण्यावरून केली आहे. सांगणारं कोण?

मी आडून विचारलं. 'तू पहिल्यांदा शिकलीस कुठे?'

'लहानपणी एका बाईंकडे,' म्हणाली.

'कोण बाई?'

'तुम्ही ओळखता त्यांना,' म्हणाली, आणि वह्या आवरायला लागली.

बघ, किती सरळ सांगितलं. मला वाटलं होतं निदान लाजेल.

पियानो जुळवणारा काल आला होता. वर्षातून एकदा माझ्या पियानोच्या खालची फळी काढून आतली धूळ काढतो, तारा तपासतो. त्याला म्हटलं, 'माझ्या वर्गात काय शिजतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.' तो फळी बसवत होता. म्हणाला, 'मी पियानोच्या पोटात काय काय बघतो ते कुणाला सांगत नाही, बाई. तुमचंही सांगितलेलं नाही.' या बोलण्याचा अर्थ त्याचा त्यालाच ठाऊक. मी पुढे विचारलं नाही.

तुझ्याविषयी मात्र आपणहून बोलला. तू म्हणे चष्म्याच्या दुकानात काम करतेस. लोकांच्या नाकावर काचा बसवून देतेस. घरात पियानो नाही, शिकवणी नाही, गेली तेरा वर्षं पट्टीला हात लावलेला नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे. जी मुलगी जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायची म्हणून बाबा तिच्या हातात चमचा कोंबायचे, ती पियानोशिवाय राहील? तुम्ही दोघांनी मिळून रचलेली ही कथा आहे. म्हणजे मी गाफील राहावं.

उत्तर दे.

मोठ्या बाई

मंगळवार, २६ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. 'मी कुणालाही पाठवलेलं नाही. मनगटाला काय झालं?'

दोनदा वाचलं. उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं. पाकीट उजेडात धरलं. एवढंच. मी तुला दोन लांबलचक पत्रांत काय काय विचारलं, आणि तू उचललंस काय, तर मनगट. माणूस विषय कधी बदलतो ते मला चांगलं कळतं.

मनगटाला काही नाही. चार वर्षांपूर्वी घड्याळवाल्याच्या जिन्यावरून पडले, दोन ठिकाणी मोडलं, आता बरं आहे. कसं बरं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

इथली स्थिती बिघडत चालली आहे. बिघडत म्हणजे काय, तर मुलं सुधारत आहेत. चष्मेवालीला पहिलं स्केल बसवायला माझ्या हाताखाली दोन महिने लागले होते. नवीने तीन आठवड्यांत तिची तीन बसवली. काल तिची आई मला जिन्यात गाठून म्हणाली, 'बाई, काय जादू केलीत? आधी पियानोवर बसवायला मागे लागायचे, आता जेवायला उठवायला मागे लागते.' मी हसले. माझं श्रेय नसलेल्या गोष्टीवर हसणं काय असतं ते तुला कळणार नाही. इतकं गोड कुणी आपल्याशी बोललं की आधी खिसा चाचपावा, असं बाबा म्हणायचे ते खरं आहे.

कारण हा खेळ मी एकदा पाहिलेला आहे, आणि तो कुठे जातो तेही. लाल मोजेवाली आठवते ना? आठवत असणारच. नऊ वर्षांची, बारीक, पाय पेडलला पुरायचे नाहीत म्हणून खाली लाकडी पेटी ठेवायचो. वार्षिक कार्यक्रमाला दोन आठवडे राहिले होते. चार बटणं पलीकडे न्यायची आणि पाचव्याला गळायची. त्या दिवशी तू सभागृहातल्या खुर्च्या बघून परत आलीस तेव्हा ती मांड्यांखाली हात दाबून बसली होती, पट्टीला हात लावेना. पुन्हा कधी वर्गात आलीच नाही. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं की ही तुझ्या खेळांची फळं. मुलांना गंमत चाखायला लावली की घाम गाळता येत नाही. तू एक शब्द बोलली नाहीस. नुसता डबा शोधत राहिलीस, आणि मी सांगितलं की कचऱ्याच्या गाडीत गेला. तू महिनाअखेरीस निघून गेलीस. मी चूक होते असं तुला वाटत असतं तर भांडली असतीस. भांडली नाहीस.

तेव्हा चष्मेवालीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलं आहे. नऊ मार्चला, शनिवारी, नवीला समोर बसवून सगळं विचारणार आणि कामावरून काढणार. तुला वेळेवर कळवते आहे. म्हणजे मग 'मला आधी सांगितलं असतं तर' असं व्हायला नको.

मोठ्या बाई

शनिवार, ९ मार्च

नवीला काढलं नाही.

माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. उद्या सगळं लिहीन. हे चिटोरं वेगळं टाकत नाही, उद्याच्याच पाकिटात घालते.

रविवार, १० मार्च

धाकटे,

हे पत्र मी सकाळपासून चारदा सुरू केलं. दर वेळी तुझं काहीतरी चुकलं असं सिद्ध करायला बसले आणि दर वेळी कागद फाडला. आता जसं घडलं तसं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

काल चष्मेवालीचा तास संपला की नवीला बोलवायचं, असं ठरवून मी मागच्या खोलीच्या दाराशी उभी होते. बटणांचा खेळ चालू होता. चौथं बटण सरकल्याचा आवाज आला. मग स्केल, आणि शेवटून तिसऱ्या सुराला बोट घसरलं. नवी म्हणाली, 'सगळी परत.' चारही बटणं डावीकडे ओढल्याचा खरखर आवाज. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पुन्हा तीच चूक. 'सगळी परत.' मी मोजत होते. पाचव्या वेळी चष्मेवालीचं वाजवणं थांबलं. मी दार ढकललं. मुलीने हात मांड्यांखाली घातले होते.

मी काय बोलायला गेले होते आणि काय बोलले. म्हणाले, 'अगं, सगळी नाही. एकच परत येतं.'

नवीने मान वर केली. 'काय, बाई?'

'चूक झाली की एकच बटण परत. बाकीची तिथेच राहतात. जेवढं कमावलं तेवढं कमावलं. नियम असाच आहे. कार्डाच्या मागे लिहिलंय.'

'कुठल्या कार्डाच्या मागे?' तिने विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. 'माझ्या कार्डांच्या मागे काही लिहिलेलं नाही. तुम्हाला कसं ठाऊक?'

चष्मेवालीने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. तिने चार बटणं पुन्हा उजवीकडे नेली, त्यातलं एक डावीकडे आणलं, आणि वाजवायला लागली. दोन फेऱ्यांत पाचही पलीकडे. उडी मारून उतरली, दप्तर उचललं आणि गेली.

मग नवी म्हणाली, 'मला सात कार्डं आठवली, बाई. बाकीची नाही आठवली. आणि बटणांचा नियम मला तसाच आठवतो. सगळी परत. तुम्हीच शिकवलात.'

'मी?'

'धाकट्या बाई खुर्च्या बघायला गेल्या होत्या त्या दिवशी.'

मी तिच्या पायांकडे बघितलं. काळे बूट, साधे मोजे. तेरा वर्षांत माणूस किती उंच होतो. ऑक्टोबरपासून रोज माझ्यासमोर येऊन बसते आहे आणि मी तिच्या पिशवीत हेर शोधत होते. कामावर घेताना नाव विचारलं होतं, आडनावही तेच होतं. मी लक्षच दिलं नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते.

त्या दिवशी तू गेलीस तेव्हा तिची तीन बटणं पलीकडे होती. मी पुढच्या खोलीतून ऐकत होते. चौथं गेलं, पाचव्याला चुकली, आणि खिदळली. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी आत गेले आणि तळव्याने सगळी बटणं डावीकडे लोटली. 'पुन्हा.' ती म्हणाली, 'पण बाई, एकच परत येतं.' मी म्हटलं, 'माझ्याकडे सगळी येतात.' सात वेळा केलं. सात वेळा, धाकटे. सातव्यानंतर तिने हात खाली घातले आणि तू जिन्यात दिसलीस. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, बघ तुझे खेळ. ती लहान मुलगी माझ्याकडे बघत होती आणि काही बोलली नाही, आणि मी तिच्या न बोलण्याचा फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला चिठ्ठी पाठवली. मुलीला खेळाची चटक लागली आहे, धाकट्या बाईंच्या पद्धतीमुळे तिची शिस्त मोडली आहे, असं लिहिलं. नवी सांगते की ती चिठ्ठी तिच्या आईने अजून ठेवली आहे. दोन वर्षं नवीने पियानो बंद ठेवला, मग दुसरीकडे शिकली. इथे का आलीस असं मी विचारलं. म्हणाली, 'धाकट्या बाई भेटतील असं वाटलं होतं. मग कळलं, त्या नाहीत. म्हटलं, त्यांची कार्डं तरी असतील.' मी विचारलं, माझा राग येत नव्हता का? ती म्हणाली, 'येत होता. म्हणूनच सांगितलं नाही, मी कोण ते. तुम्ही ओळखता का ते बघत होते.' सहा महिने बघत होती.

तेव्हा ती तुझ्यामुळे गेली नव्हती. माझ्यामुळे गेली. तुला मी हे तेरा वर्षं सांगितलं नाही, आणि परवाच्या पत्रात तेच खोटं पुन्हा तुझ्या तोंडावर मारलं. पियानो जुळवणारा सांगतो ते खरं असेल, तू खरोखर पट्टीला हात लावला नसशील, तर तोही हिशेब माझ्याच नावावर. मला वाईट वाटतं असं लिहिलं तर फार थोडं होतं, पण दुसरा शब्द मला येत नाही.

आणखी एक. डबा कचऱ्याच्या गाडीत गेला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, महिनाभर दुसऱ्यांच्या खुंट्या आणि पिशव्या तपासत हिंडले, आणि डबा तेरा वर्षं माझ्याच पियानोच्या पोटात होता. खालच्या फळीमागे, पेडलच्या काठीशेजारी. पियानो जुळवणारा दर वर्षी तो काढतो, पुसतो आणि होता तिथे ठेवतो. टाकायला म्हणूनच उचलला होता. जिन्यापर्यंत नेला. आत बटणं वाजली आणि बाबांच्या कोटाचं आठवलं. मग टाकवेना, आणि तुला टाकला म्हणून सांगून बसले होते, तर परतही देता येईना.

मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरने सांगितलं, बोटं रोज चालवा, नाहीतर आखडतील. मी माझ्या पद्धतीने बसले. चूक झाली की पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीपुढे हात जाईना. अडीच महिने झाले, एक स्केल सरळ वाजेना. पन्नाशी उलटलेली बाई पियानोवर डोकं ठेवून रडली. मग एका दुपारी दार आतून लावलं आणि फळी काढली. कार्डांच्या मागे तुझ्या बारीक अक्षरातले नियम वाचले. एकच परत. नऊ दिवसांत पाचही पलीकडे गेली. तेव्हापासून दोन ते तीन मी झोपत नाही. मांजर उठवत नाही, दोन हातांचं भांडण लावते आणि सोडवते. वर्गातल्या मुलांना मात्र तीन वाजता दार उघडून वीस-वीस वेळा तेच वाजवायला लावत होते. हे माझं मलाच समजावता येत नाही, तुला काय समजावू.

वीसपैकी एकोणीस कार्डं मी अशी संपवली. विसावं राहिलं. चोर पकडायचं. एकीने स्केल वाजवायचं, त्यात मुद्दाम एक चुकीचा सूर लपवायचा, दुसरीने भिंतीकडे तोंड करून तो पकडायचा. हे कार्ड तू माझ्यासाठी काढलं होतंस ना? त्यातल्या भिंतीकडे तोंड केलेल्या बाईचा अंबाडा माझा आहे, ते मला चार वर्षांपूर्वी कळलं. मी ते एकटीने करून बघितलं. होत नाही. चोर आपणच लपवलेला असला की तो कुठे आहे ते ठाऊकच असतं.

डबा काल नवीला दाखवला. तिने कार्डं हातात घेतली नाहीत, आधी रुमालाला हात पुसले. तिची सात आणि तुझी वीस शेजारी ठेवून एकेक जुळवत बसली. सोमवारपासून दोन्ही खोल्यांत तीच कार्डं चालवू असं ठरलं आहे. माझ्या खोलीतही. तिच्या आईला मी नवी चिठ्ठी लिहिली आहे, आणि ती नवीकडे न देता स्वतः घेऊन जाणार आहे. नवीने तुझा पत्ता मागितला. तुला विचारल्याशिवाय दिला नाही. एवढं तरी या वेळी नीट केलं.

तू ये असं मला लिहायचं आहे, पण तसं लिहायचा हक्क मी घालवला आहे हे कळतं. त्यामुळे नियमानेच चालते. चूक झाली की एक बटण परत. बाबांच्या कोटाचं, पितळी, पाचवं म्हणून तू नेहमी शेवटी ठेवायचीस ते. सोबत घातलं आहे. पाकीट मध्येच फुगलं आहे, पोस्टातला माणूस दाबून बघेल, बघू दे.

उरलेली चार इथे आहेत.

ताई